एकाच्या पैशात दोन

अ‍ॅप करून घ्यायला आलेला माणूस सुरुवातीला अ‍ॅपबद्दल बोलतच नाही. चहा येईपर्यंत तो ट्रॅफिकबद्दल बोलतो, चहा आल्यावर जीएसटीबद्दल, आणि कप खाली ठेवता ठेवता सहज आठवल्यासारखं विचारतो, "दोन्हीकडे चालेल ना?" दोन्हीकडे म्हणजे अँड्रॉइडवर आणि आयफोनवर. आपण "चालेल" म्हणतो. मग तो खुर्चीत मागे रेलतो आणि मुद्द्यावर येतो. "म्हणजे काम एकच. पैसेही एकाचेच धरायचे ना?"

यात त्याची काही चूक नाही. गेली तीस वर्षं आमच्या धंद्याने जगाला हेच ऐकवलंय. १९९५ साली सन मायक्रोसिस्टिम्सने जावा भाषा आणली तेव्हा सोबत घोषणाही आणली: एकदा लिहा, कुठेही चालवा. प्रोग्रॅमर मंडळींनी लवकरच तिची सुधारित आवृत्ती काढली: एकदा लिहा, सगळीकडे निस्तरत बसा. पण घोषणा होती कंपनीची आणि सुधारणा होती कँटीनमधली, त्यामुळे क्लायंटपर्यंत पोचली ती फक्त घोषणा.

मी या धंद्यात क्लायंट आणि डेव्हलपर यांच्या मधल्या खुर्चीवर बसते. क्लायंटला "होऊन जाईल" आणि डेव्हलपरला "करावं तर लागेलच" ही दोन वाक्यं वेळच्या वेळी म्हणता आली की या खुर्चीचं बहुतेक काम होतं. आमची कंपनी पुण्यात बाणेरला, माणसं हाताच्या बोटांवर मोजण्याइतकी, आणि वर सांगितलेले गृहस्थ म्हणजे पेठेतले एक फरसाणवाले शेठ. शेठचा फोन अँड्रॉइड, सूनबाईंचा आयफोन. भारतात शंभरातले नव्वदहून जास्त फोन अँड्रॉइड आहेत, पण उरलेले जे थोडे आहेत ते नेमके क्लायंटच्या सुनेकडे, त्याच्या सीएकडे आणि आपल्या कंपनीच्या मालकाकडे असतात. आम्ही पाठवलेला प्रत्येक बिल्ड शेठच्या घरी रात्री जेवणाच्या टेबलावर दोन्ही फोन शेजारी शेजारी ठेवून तपासला जाई. "हिच्या फोनवर चकली जास्त कुरकुरीत दिसते" हा बग शेठनी रीतसर मेल करून कळवला होता. तो आम्ही "स्क्रीनचा प्रश्न" असा शेरा मारून बंद केला.

मुळात ही दोन घरं झाली कशी, तेही मजेशीर आहे. २००७ साली आयफोन आला तेव्हा बाहेरच्या माणसाला त्यावर अ‍ॅप करायची सोयच नव्हती. त्या जूनमध्ये स्टीव्ह जॉब्जनी डेव्हलपरांना सांगितलं, वेबसाइट बनवा, ती सफारीत उघडेल, आणखी काय हवं? डेव्हलपरांना बरंच काही हवं होतं. मग १० जुलै २००८ला अ‍ॅप स्टोअर उघडलं, ५०० अ‍ॅप मांडून. त्याच सप्टेंबरात पहिला अँड्रॉइड फोन जाहीर झाला. म्हणजे वाटण्या व्हायला अडीच महिनेही लागले नाहीत, आणि वाटण्या मिटवायला निघालेली मंडळी मात्र अजून वाटेतच आहेत.

पहिला शहाणपणा त्याच वर्षी सॅन फ्रान्सिस्कोत झाला. फोनगॅप निघालं. वेबसाइट करायची, तिला अ‍ॅपचं आवरण घालायचं आणि दोन्ही दुकानांत ठेवायची. फेसबुकनेही आपलं अ‍ॅप असंच वेबच्या भरवशावर उभं केलं, आणि ते इतकं रखडत चालायचं की २०१२ साली मार्क झुकरबर्गनी जाहीरपणे कबूल केलं, वेबवर एवढा भार टाकला ही कंपनी म्हणून आमची सगळ्यात मोठी चूक. त्यांनी सरळ दोन वेगळी अ‍ॅप लिहून घेतली. धडा शिकून झाला असं वाटतंय तोवर २०१५ साली त्याच फेसबुकने रिअ‍ॅक्ट नेटिव्ह जगासमोर ठेवलं. आता घोषणा होती: एकदा शिका, कुठेही लिहा. चालण्याबद्दल यावेळी कुणी काही बोललं नाही, याला मी प्रगती समजते. एअरबीएनबीने ते मोठ्या हौसेने घेतलं आणि २०१८च्या जूनमध्ये मोठे मोठे लेख लिहून सोडलं. त्याच डिसेंबरात गूगलने फ्लटरची पहिली पक्की आवृत्ती काढली. दरम्यान मायक्रोसॉफ्टने २०१६ साली याच जातीचं झॅमरिन विकत घेतलं आणि २०२४च्या मे महिन्यात त्याचा पाठिंबा थांबवला. फोनगॅप तोवर २०२०मध्ये आटोपलेलं होतं. आमच्याकडच्या एका सीनिअरच्या बायोडेटात ही सगळी नावं ओळीने आहेत. मुलाखतीत लोक त्याला "अनुभवी" म्हणतात. तो स्वतःला काय म्हणतो ते इथे छापता येणार नाही.

शेठच्या अ‍ॅपसाठी आमच्याकडे फ्लटर ठरलं. फ्लटरची तऱ्हा अशी की ते फोनकडे बटण मागतच नाही. स्क्रीनचा कोरा तुकडा ताब्यात घेतं आणि बटण, स्विच, यादी, सगळं स्वतः रंगवतं. अँड्रॉइडसाठी मटेरिअल नावाचा एक साज, आयफोनसाठी कूपर्टिनो नावाचा दुसरा. कूपर्टिनो म्हणजे अ‍ॅपलचं गाव. पूर्वी पोलिसाच्या वेशात बहुरूपी दारात यायचा, तसंच हे. टोपी बरोबर, दंडा बरोबर, दम देण्याची ढबसुद्धा बरोबर. पंचाईत होते ती खात्याने गणवेश बदलल्यावर. २०२५च्या सप्टेंबरात अ‍ॅपलने आयफोनचा सगळा तोंडवळा काचेसारखा पारदर्शक करून टाकला. अस्सल अ‍ॅपवाल्यांनी नवा बिल्ड काढला की त्यांची बटणं आपोआप चकाकू लागली. आमचा हवालदार जुन्याच वर्दीत. सूनबाईंचा मेसेज आला, "तुमचं अ‍ॅप एकदम शिळं का वाटतंय?" फरसाणाच्या घरातून हा शब्द आला की तो गांभीर्याने घ्यावा लागतो.

पण खरी जिरली ती मराठीत.

शेठना सगळं मराठीत हवं होतं, आणि ते बरोबरच होतं. डिझाइन मात्र इंग्रजीत आलेलं. त्यात "ऑर्डर"साठी इंग्रजी पाच अक्षरांचं बटण, आणि शेठचा मजकूर "ऑर्डर निश्चित करा". फ्लटरमध्ये मजकूर चौकटीत मावला नाही की कडेला पिवळ्या-काळ्या तिरक्या पट्ट्या उमटतात, रस्ता खणल्यावर लावतात तशा, आणि किती पिक्सेल उतू गेले त्याचा हिशोबही छापून येतो. हे फक्त काम चालू असताना डेव्हलपरला दिसतं, गिऱ्हाइकाला दिसत नाही. आमच्या डेमोला शेठना दिसलं. "हे डिझाइन छान आहे," ते म्हणाले, "दिवाळीत ठेवू."

पट्ट्या निघाल्या. दुसरं दुखणं त्याहून बेरकी निघालं. इंग्रजी अक्षराचं डोकं कुठे संपतं ते ठरलेलं असतं. देवनागरीत शिरोरेषेच्या वर मात्रा, वेलांट्या, रफार आणि अनुस्वार यांची वेगळी वस्ती असते. ओळीची उंची इंग्रजीच्या मापाने बांधली की ही वस्ती अतिक्रमणात जाते. त्यात अँड्रॉइडवर मराठी दिसते ती बहुधा नोटो नावाच्या फाँटमधून आणि आयफोनवर कोहिनूर नावाच्या. दोघांची उंची सारखी नाही. परिणाम असा की एका फोनवर "ताजी शेव" असं सोज्वळ दिसत होतं आणि दुसऱ्यावर वरचा मजला साफ उडाला होता. वेलांटीचा उरला काना, मात्रेचं उरलं काहीच नाही. शेठच्या अ‍ॅपच्या पहिल्या पानावर, पिवळ्याधमक फोटोखाली, ठळक अक्षरांत लिहिलेलं होतं: ताजा शव. शेजारी भाव, खाली "घरपोच मिळेल".

टेस्टिंगमध्ये हे सुटलं कसं? टेस्टिंग इंग्रजीत झालं होतं. आमचा अर्धा डेव्हलपर-वर्ग मराठी आहे, दुपारी डबा उघडून मराठीत भांडतो, पण फोनची भाषा इंग्रजी ठेवतो. सूनबाईंनी स्क्रीनशॉट पाठवला. खाली काही लिहिलं नव्हतं. काय लिहिणार?

त्यानंतर "मागे" प्रकरण. अँड्रॉइडवाल्या माणसाचा मागे जाण्यावर जन्मसिद्ध हक्क असतो. खालचं बटण दाबा नाहीतर कडेवरून बोट सरकवा, तो मागे जातो, आणि जात जात शेवटी अ‍ॅपच्याही बाहेर पडतो. शेठ कुठल्याही पानावरून निघायचं झालं तर "मागे" चारपाचदा दाबत, रिक्षावाल्याच्या खांद्यावर थोपटावं तसं. आयफोनला असं बटण पहिल्यापासून नाही. तिथे वर डाव्या कोपऱ्यात बाण काढून द्यावा लागतो किंवा डाव्या कडेवरून पान ओढू द्यावं लागतं. कोड एकच, म्हणून बाण दोन्हीकडे आला. शेठ म्हणाले, "हा बाण कशाला? फुकट जागा खातोय." बाण काढला. त्या रात्री सूनबाई पैसे भरायच्या पानावर अडकून बसल्या, कारण कडेवरून ओढायची सोय त्या पानावर एका सरकत्या जाहिरातीने गिळली होती. मग कोडमध्ये एक ओळ आली: आयफोन असेल तर बाण दाखव, नसेल तर दाखवू नको. एका कोडमध्ये अशी पहिली ओळ लिहिली जाते तेव्हा कुणाला काही वाटत नाही. पण ती एकटी राहत नाही. पुढे एकदा डेव्हलपरने "आयफोन असेल तर"ने सुरू होणाऱ्या सगळ्या ओळी मोजल्या आणि मला आकडा सांगायला स्वच्छ नकार दिला.

पैसे भरण्यातही तेच. अँड्रॉइडवर "यूपीआय"ला हात लावला की फोन स्वतःच विचारतो, कुठल्या अ‍ॅपमधून देता? यादी येते, माणूस निवडतो. आयफोन असं विचारत नाही. चार यूपीआय अ‍ॅप असतील तर त्यातलं कुठलं तरी एक उघडतो आणि मोकळा होतो. मग प्रत्येक अ‍ॅपचा वेगळा पत्ता लिहा, ते फोनवर आहे का ते आधी विचारा, आणि असं विचारणार आहोत हे अ‍ॅपलला आधीच लिहून कळवा. गिऱ्हाइकाच्या खिशातून पावशेर चिवड्याचे पैसे काढायला इतकी कागदपत्रं.

बरं, अँड्रॉइड म्हणजे तरी एक फोन का? डिलिव्हरीच्या मुलाचा फोन स्वस्तातला होता आणि त्या फोनच्या कंपनीला बॅटरीची फार काळजी. अ‍ॅप मिनिटभर मागे पडलं की ती त्याला संपवायची. ऑर्डर आल्याची सूचना पोचायची नाही, मुलगा निवांत, चिवडा निवांत, गिऱ्हाईक दारात. अ‍ॅपला "झोपवू नका" ही परवानगी फोनच्या सेटिंगमध्ये इतकी आत दडलेली होती की तिथपर्यंतचा रस्ता आम्ही मुलाला व्हिडिओ करून पाठवला. पुढच्या अपडेटमध्ये कंपनीने रस्ता बदलला.

आणि मॅक. कोड एक असो नाहीतर अर्धा असो, आयफोनचं अ‍ॅप शेवटी अ‍ॅपलच्याच कॉम्प्युटरवर, एक्सकोडमधून तयार करावं लागतं. आमच्या ऑफिसात एकच मॅक मिनी आहे, मीटिंग रूमच्या कपाटावर. रिलीजच्या दिवशी त्याच्यापुढे रांग लागते आणि नेमकं त्याच वेळी एक्सकोड "अपडेट हवं" म्हणतं. अपडेट उतरायला दुपार जाते. ज्या सर्टिफिकेटवर अ‍ॅपला सही होते ते नोकरी सोडून गेलेल्या मुलाच्या नावावर होतं. त्याला फोन केला तर तो आता बँकेच्या परीक्षेचा अभ्यास करतोय. आवाजावरून सुखी वाटला.

दुकानात माल मांडायची फी गूगल एकदाच घेतं, २५ डॉलर. अ‍ॅपल दरवर्षी ९९. "दरवर्षी?" शेठ म्हणाले. "माझ्या दुकानाचं जुनं भाडंसुद्धा याच्यापेक्षा कमी आहे." पुण्याच्या पेठेतल्या पागडीचा हा संदर्भ अमेरिकेत कुणाला समजावणार? मग शेठनी कुठेतरी वाचलं की अ‍ॅपल विक्रीतले तीस टक्के कापून घेतं. रात्री उशिरा फोन आला.

"मॅडम, चकलीवर तीस टक्के दिले तर मी खाऊ काय?"

मी समजावलं. कमिशन लागतं ते फोनच्या आतच वापरायच्या मालावर. गेममधली नाणी, व्हिडिओ, वर्गण्या. लहान धंद्यांना २०२१पासून पंधरा टक्केच. हातात घेऊन खाता येते अशा वस्तूला काही लागत नाही.

"म्हणजे चकली विकली तर शून्य. आणि चकली कशी करायची त्याचा व्हिडिओ विकला तर कमिशन?"

"हो."

"मग बरं आहे," शेठ म्हणाले. "रेसिपी आम्ही घरातसुद्धा सांगत नाही."

अ‍ॅपलने तरीही अ‍ॅप एकदा परत पाठवलं. खातं उघडायची सोय आहे तर अ‍ॅपच्या आतूनच खातं बंद करायचीही हवी, असा २०२२पासूनचा नियम. नियम मला मनापासून पटतो. शेठना पटवताना मात्र घाम फुटला. "आलेल्या गिऱ्हाइकाला जायचा दरवाजा मीच दाखवू?" शेवटी ते बटण ठेवलं, पण शेठच्या आग्रहाने त्यावर आधी विचारणा येते: "आमचं काही चुकलं का?"

वेबसाइटचं मी मुद्दाम शेवटी ठेवलं, कारण आम्हीही तसंच केलं. "त्याच कोडमधून वेबसाइटपण निघेल" हे वाक्य करारात होतं. निघतेही. फक्त तो बहुरूपी आपली रंगाची पेटी आधी गिऱ्हाइकाच्या ब्राउझरमध्ये उतरवतो आणि मग रंगवायला बसतो. शेवेचा भाव बघायला आलेला माणूस तोवर फिरणारं चक्र बघत राहतो. शिवाय सगळं चित्रच असल्यामुळे गूगलच्या शोधाला आत काय लिहिलंय ते धड वाचता येत नाही. दुकानाचं नाव टाकून शोधलं तर शेजारचं दुकान वर. आम्ही मुकाट्याने साधी वेबसाइट वेगळी लिहिली. शेठना हे "आर्किटेक्चरचा निर्णय" म्हणून सांगितलं. सूनबाईंना ती आयफोनवरच्या क्रोममध्ये बिघडलेली दिसली. आमच्या लॅपटॉपच्या क्रोममध्ये उत्तम होती. आयफोनवरचं क्रोम नावापुरतं क्रोम, आतलं इंजिन सफारीचंच. अ‍ॅपल दुसरं चालू देत नाही. युरोपीय संघाने २०२४ साली कायद्याने त्यातून मोकळीक मिळवली. पण सूनबाई राहतात कोथरूडला.

एवढं सगळं सांगूनही मी दोन वेगळी अ‍ॅप लिहा असं म्हणणार नाही. दोन वेगळी म्हणजे दोन टीम, दोन डेडलाइनी, आणि दर सोमवारी "त्यांनी केलं, तुम्ही का नाही?" एकाच कोडमध्ये निदान सगळे एकाच वेळी चुकतात आणि एकत्र जेवायला जातात. पैसे थोडे वाचतात हेही खरं. फक्त ते कोड लिहिण्यात वाचतात आणि माणसांच्या सवयींवर खर्च होतात, आणि कोटेशनमध्ये सवयींचा रकाना नसतो. मी एकदा तो घालून बघितला. मालकांनी खोडला.

आमच्या टेस्टरकडे जुन्या फोनांचा एक ड्रॉवर आहे. तडा गेलेले, बटण अडकणारे, एक तर चार्जर लावल्याशिवाय जिवंतच न राहणारा. अ‍ॅप या सगळ्यांवर पास झालं. रिलीजच्या आदल्या संध्याकाळी चहावाले मामा कप न्यायला आले, तेव्हा टेस्टर म्हणाली, "मामा, तुमच्या फोनवर टाकते, एक ऑर्डर करून बघा."

मामांनी शेव निवडली, पत्ता भरला, पुढच्या पानावर गेले आणि थांबले. फोन हातभर लांब धरला, जवळ घेतला.

"ताई, पैसे द्यायचं बटन कुठंय?"

बटण नव्हतं. मामांनी फोनमधलं अक्षर सगळ्यात मोठं केलेलं. पत्त्यानेच पान भरून गेलं होतं आणि बटण खाली कुठेतरी, स्क्रीनच्या बाहेर, आमच्या ड्रॉवरमधल्या एकाही फोनला न दिसलेल्या जागी बसलं होतं.

"चष्मा घरी असतो," मामा म्हणाले. "धंद्यावर घालून फुटतो."

डेव्हलपर म्हणाला, ही एज केस आहे, म्हणजे क्वचित कधी घडणारी. मी म्हटलं, पेठेत शेव विकायची आहे, तिथे पन्नाशीच्या वरचं प्रत्येक गिऱ्हाईक एज केस आहे. तो काही बोलला नाही. रिलीज दोन दिवस पुढे गेली. तेवढ्यात पलीकडच्या मुलाने हेडफोन काढून लॅपटॉप आमच्याकडे वळवला. स्क्रीनवर कुठल्याशा कॉन्फरन्सचा व्हिडिओ होता.

"सर, कोटलिन मल्टिप्लॅटफॉर्म बघितलंत? पुढचा प्रोजेक्ट यात घेऊ. लॉजिक एकदाच लिहायचं, बाकी हे असले प्रॉब्लेम येतच नाहीत म्हणे."

मामा कप गोळा करता करता वाकून व्हिडिओ बघत होते.

"त्यात अक्षर मोठं करता येतं का?"

"बघावं लागेल," तो म्हणाला.